उत्सवमूर्ती झोपली आहे

दोन वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आपण दोन वर्षांचे झालो, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. माझ्या भाचीला घरातले सगळे "किती वर्षांची झालीस?" असं विचारून दोन बोटं वर करायला शिकवत होते. ती शिकलीही. पुढे भात हवा का, शू झाली का, बाबा कुठे गेले, काहीही विचारलं तरी ती दोन बोटं वर करू लागली. अशा व्यक्तीसाठी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं क्लबहाउस बुक होतं, केटररला आगाऊ पैसे दिले जातात आणि बदलापूरपासून बोरिवलीपर्यंत निमंत्रणं जातात, तेव्हा हा कार्यक्रम नक्की कुणाचा, असा प्रश्न मी ताईला विचारला. ताई म्हणाली, "तुझ्याकडे गेम्स आहेत. बाकीच्यात तू बोलू नकोस."

मामाला आपल्याकडे मान आहे. जावळ काढायचं तर मूल मामाच्या मांडीवर बसतं, लग्नात अंतरपाटाजवळ मामा उभा असतो. अलीकडे या मानात वाढदिवसाचे गेम्स आले आहेत. जावळाच्या वेळी मांडी दिली की मामाचं काम संपतं, आणि रडणारं मूल एकच असतं. गेम्समध्ये ती सोय नाही.

मुळात दोन वर्षांच्या मुलीला मित्रमैत्रिणी नसतात, ओळखी असतात. सोसायटीच्या बागेत घसरगुंडीखालच्या वाळूत ती आणि ए विंगमधले तिच्याच वयाचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बसतात. ते आपल्या बादलीत वाळू भरतात, ती आपल्या बादलीत. बोलणं नाही, देवाणघेवाण नाही. एकदा तिने त्यांचं फावडं उचललं होतं आणि ते तिच्या दंडाला चावले होते, तेवढाच काय तो संवाद. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी 1932 साली लहान मुलांच्या खेळण्याचे प्रकार नोंदवून ठेवले, त्यांत हा प्रकार आहे: एकमेकांच्या शेजारी, पण ज्याचं त्याचं. लोकलच्या चौथ्या सीटवर टेकलेल्या मोठ्या माणसांचं याहून वेगळं काही चालत नाही, पण त्यावर बाईंनी काही लिहिल्याचं ऐकिवात नाही.

तर तिच्या मित्रांना बोलवायचं म्हटलं असतं तर एक गृहस्थ आले असते. म्हणून आले ते आईवडिलांचे मित्र, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलं. आता माणसं मैत्री एका वयात करतात, पण मुलं एका वयात करत नाहीत. ताईच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने लग्न लवकर केलं, तिची मुलगी तेरा वर्षांची. भावोजींच्या ऑफिसातल्या मित्राने बरेच दिवस मनावर घेतलं नाही, त्याचं बाळ चार महिन्यांचं. मधल्या सगळ्या इयत्ता सोसायटीने भरून काढल्या. सोसायटीत मुलांना नावं असतात, पण ती शाळेत चालतात. आमच्याकडे फ्लॅटचा नंबर. त्यामुळे ताईने माझ्या हातात दिलेली यादी वाचताना मेंटेनन्सची थकबाकी वाचल्यासारखं होत होतं: चारशे चार, मोठा. दोनशे दोनची जुळी. सहाशे एक, याला डेअरी चालत नाही. पाचशे तीनचा, लक्ष ठेवणे.

इव्हेंटवाला म्हणून जो तरुण आला त्याच्या हातात टॅब होता आणि टॅबवर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजं. त्याने विचारलं, "एज ग्रुप काय आहे, सर?"

"चार महिने ते तेरा वर्षं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि टॅबवर लिहिलं: किड्स.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. वाढदिवस तिथीने करायचा. तिथी पडत होती मंगळवारी आणि हॉल मिळाला होता शनिवारचा. तिथी आणि तारीख साधारण 19 वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, म्हणजे नात एकोणीस वर्षांची होईल तेव्हा हा वाद आपोआप मिटेल. तोवर वर्षाला दोन वाढदिवस. मंगळवारी संध्याकाळी आईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, बोटातली सोन्याची अंगठी आणि सुपारी ओवाळली, मग निरांजन. सगळं पाच मिनिटांत. उत्सवमूर्तीने केसांतल्या अक्षता एकेक वेचून खाल्ल्या, सुपारी तोंडात जायच्या आत आईने काढून घेतली, आणि निरांजनाच्या ज्योतीकडे मात्र ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मला विचाराल तर वाढदिवस तेव्हाच झाला. शनिवारी झाला तो आमचा.

शनिवारसाठी थीम ठरली जंगल. उत्सवमूर्तीला त्या दिवसांत फक्त कुकरच्या झाकणात रस होता, पण कुकर या थीमवर बॅनर मिळत नाहीत. सेक्रेटरींनी भिंतींना खिळा, टेप, गोंद यांपैकी काहीही लावायला लेखी मनाई केली होती, त्यामुळे सगळं जंगल स्टँडवर उभं राहिलं. प्रवेशद्वाराशी फुग्यांची कमान. दोन मुलगे दुपारभर इलेक्ट्रिक पंपावर फुगे भरत होते, हिरवे, गडद हिरवे आणि मधूनच सोनेरी. कमान उत्तम झाली होती. तिचं पुढे काय झालं ते ओघाने येईलच.

गेम्सकडे वळू. वाढदिवसाचे जे खेळ आपल्याला ठाऊक आहेत ते बहुतेक बाद होण्याचे आहेत. संगीत खुर्चीच घ्या. गाणं चालू असताना फिरायचं, थांबलं की बसायचं. आमच्याकडे गाणं सुरू होताच अडीच वर्षांखालची मंडळी बसली. गाणं थांबलं, बसलेलीच होती. पुन्हा सुरू झालं, तरीही बसलेलीच. त्यांना उठवायला गेलेल्या अँकरला त्यांच्यातल्याच एकीने खुर्चीचा हात घट्ट धरून "माझी" असं सांगितलं. यात तिचं काय चुकलं? खुर्ची मिळवणं हाच जर खेळाचा हेतू असेल तर तो तिने पहिल्याच सेकंदाला साधला होता, आणि खुर्ची मिळाल्यावर गाण्याकडे लक्ष न देण्याची तर आपल्या राज्यात थोर परंपरा आहे.

खरी गोम पुढे आहे. बाद होण्याच्या खेळात आधी बाद कोण होतं? लहान. चार-पाच वर्षांची सगळी टोळी पहिल्या काही फेऱ्यांत बेकार झाली. म्हणजे ज्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं ती मंडळी हॉलमध्ये मोकळी सुटली, आणि ज्यांच्याकडे पाठ फिरवली तरी चालण्यासारखं आहे ती दहा-अकरा वर्षांची चार मुलं उरलेल्या तीन खुर्च्यांभोवती गंभीर चेहऱ्याने फिरत राहिली. अँकर माइकवर "मेक सम नॉइज" म्हणत होता. बेकार टोळीने त्याचा शब्द पडू दिला नाही. पाचशे तीनच्या हातात कुठून तरी प्लॅस्टिकचा काटा आला होता. कमानीतला पहिला फुगा फुटला तेव्हा चार महिन्यांच्या पाहुण्याने भोकाड पसरलं, दुसऱ्याला उत्सवमूर्तीने, आणि त्यानंतर फुगे आणि रडणं यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मी पहिल्यांदा खाली वाकून रबराचे तुकडे गोळा केले. हा विनोदाचा भाग नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागला तर तो तोंडात जातो आणि घशात चिकटतो. अख्खं द्राक्ष, शेंगदाणा, पॉपकॉर्न यांचीही लहानांच्या बाबतीत तीच भीती. ताईची एक डॉक्टर मैत्रीण आली होती, ती कुणाशी न बोलता द्राक्षं उभी चिरत बसली होती. पूर्ण कार्यक्रमात नेमकं काय करायचं ते ठाऊक असलेली ती एकटीच.

मग पार्सल. कागदात गुंडाळलेलं पुडकं गाण्यावर हातोहात पुढे द्यायचं, गाणं थांबलं की एक वेष्टण उघडायचं, आत चिठ्ठी. इथे अडचण अशी की दोन वर्षांच्या माणसाला वस्तू घेणं कळतं, पुढे देणं हा भाग अजून शिकवून व्हायचा असतो. ए विंगमधल्या गृहस्थांच्या मांडीवर पुडकं आलं आणि ते त्यांचं झालं. त्यांच्या आईने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, "शेअरिंग करायचं ना बाळा?" बाळाने पुडकं पोटाशी घेऊन पाठ केली. सात-आठ वर्षांची मुलं ओरडू लागली की हे चीटिंग आहे. या वयाला न्यायाची भूक भयंकर असते. खेळ राहिला बाजूला, बराच वेळ कायद्याची चर्चा झाली, आणि एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, रूल्स कुठे लिहिलेत?"

रूल्स कुठे लिहिलेले नव्हते, हेच आमच्या लहानपणीचं भाग्य. डोंबिवलीच्या चाळीत आमच्या प्रत्येक खेळात एक तरी लिंबूटिंबू असायचं. ते कुणाचं तरी पाठचं भावंड, आईने अट घालून बरोबर पाठवलेलं: जायचं तर हिला घेऊन जा. त्याच्यावर राज्य येत नसे, ते आउट होत नसे. लपाछपीत ते दाराआड उभं असायचं, दाराखालून पाय दिसत असायचे, आणि ज्याच्यावर राज्य असेल तो त्याच्यासमोरून दोनदा "कुठे गेलं बरं?" करत जायचा. आपल्याला वगळून खेळ चालला आहे, याचा त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हा अलिखित नियम आठ वर्षांची पोरं काटेकोर पाळत. पाळला नाही तर ते रडत घरी जायचं आणि आई गॅलरीत येऊन सगळ्यांचाच खेळ बंद करायची.

तेव्हा मी अँकरकडून माइक घेतला आणि जाहीर केलं, की पाच वर्षांखालची सगळी मुलं लिंबूटिंबू आहेत. मुलांची काही हरकत नव्हती. हरकत मागून आली. सहाशे एकचे वडील हातातली पाणीपुरीची प्लेट खाली ठेवून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, आमचा लिंबूटिंबू नको. तो सीनियर केजीत आहे." त्यांच्यापाठोपाठ एक आई आल्या. त्यांची मुलगी वयाने चार असली तरी पझल आठ वर्षांचं सोडवते, असं त्यांनी सांगितलं. आउट झालेलं मुलांना पाच मिनिटांत विसरता येतं. पालकांना ते घरी न्यायचं असतं.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या. खुर्च्या ढकलून सगळ्यांना गोल बसवलं आणि मामाचं पत्र हरवलं सुरू केलं. या खेळाची तब्येत मजबूत आहे. बसायचं असेल त्याने बसावं, पळायचं असेल त्याने पळावं, बाद कुणी होत नाही, आणि मधूनच कुणी रुमाल घेऊन आईकडे निघून गेलं तरी दुसरा रुमाल घेता येतो. पत्र कशाला म्हणतात हे निम्म्या मुलांना ठाऊक नसावं. ते हरवलं आहे यावर मात्र सगळ्यांचा ताबडतोब विश्वास बसला.

दुसरी गोष्ट म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मी नोकरी दिली. ही मुलं अशा समारंभात सर्वांत दुर्लक्षित. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, धाकट्या भावाबरोबर ती आलेली असतात. जंगलाची थीम त्यांच्या वयाला शोभत नाही आणि पार्किंगमध्ये फुटबॉल खेळायला जाऊ म्हटलं तर चांगले कपडे आडवे येतात. केटररच्या जुन्या ओळखपत्रांच्या नाड्या पडल्या होत्या, त्या मी चौघांच्या गळ्यात घातल्या आणि त्यांना कार्यकारी समिती म्हणून जाहीर केलं. चारशे चारने नाडी गळ्यात येताच पहिला प्रश्न केला, "आम्ही कुणाला बाहेर काढू शकतो का?" नाही म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला, पण मग त्याने कामाला हात घातला. केकच्या टेबलाभोवती दोरी बांधली. शूज एका ओळीत लावायला लावले. पाचशे तीनच्या हातातला काटा जप्त करून त्याची पावती दिली, खरोखर कागदावर लिहून. आमच्या सोसायटीत इतका कडक पदाधिकारी मी पाहिला नव्हता.

मोठ्या मुलांच्या हाती धाकटी देणं ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. मारिया माँटेसोरी बाई 1939 साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या. तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात असावीत, हा त्यांचा आग्रह होता, कारण लहानगं मोठ्याकडे बघून शिकतं आणि मोठं लहानग्याला शिकवताना. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी राहायची आणि तिची शाळा बुडायची. भावंडालाच बरोबर घेऊन ये म्हटल्यावर दोघांचीही सोय झाली. या बायकांनी जे विनामाइक, विनाअँकर करून दाखवलं ते आमच्याकडे प्लॅटिनम पॅकेजमध्ये नव्हतं.

तेरा वर्षांची मात्र समितीत यायला तयार झाली नाही. ती खांबाला टेकून फोनमध्ये बघत होती. मी तिला फोटो काढायला सांगितलं, तर तिने फोनवरून नजर न हलवता सांगितलं, की काढतेय. नंतर पाहिलं तर खरंच काढत होती, आणि इव्हेंटवाल्याच्या फोटोग्राफरपेक्षा बरे.

मिश्र वयाच्या मुलांना एकत्र कसं गुंतवावं, हे आपल्याकडे खरं तर ठरलेलं आहे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाण होतं. मूल मधे पाटावर, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे, आणि चाळीतल्या झाडून सगळ्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. चार वर्षांचा चुरमुरे वेचतो, आठ वर्षांची ओढणीत बोरं भरते, बारा वर्षांचा आपण यात नाही असं दाखवत उसाचा मोठा करवा बरोबर हेरतो. आउट कुणी नाही, पहिला नंबर कुणाचा नाही, आणि अर्ध्या तासात माणसं तिळगूळ घेऊन घरी. मूल तेव्हाही रडतं, नाही असं नाही. पण ते एकटंच रडतं.

मिकी माउसचं सांगायचं राहिलं. जंगलात मिकी कसा, हा प्रश्न मीही विचारला होता. वाघाचा पोशाख धुवायला गेला होता, असं उत्तर मिळालं. मिकी नाचत आत आला तेव्हा हॉलचे वयाप्रमाणे सरळ तुकडे पडले. तीन वर्षांखालचे किंचाळत आयांच्या अंगावर चढले. पाच-सहावाले त्याच्या पायाला मिठ्या मारू लागले. आठच्या पुढच्यांनी मागून जाऊन शेपूट ओढली आणि "अंकल, आत गरम होतं का?" असं विचारून घेतलं. थोड्या वेळाने मी पाण्याची बाटली आणायला मागच्या दाराने पार्किंगमध्ये गेलो, तर एका स्कूटरवर मिकी बसला होता. डोकं काढून सीटवर ठेवलेलं, बनियन घामाने अंगाला चिकटलेली, आणि मिशी नुकतीच फुटू लागलेला एक मुलगा पोशाखाच्या हातमोज्यातच कटिंगचा ग्लास धरून चहा पीत होता. समोर दोनशे दोनच्या जुळ्यांपैकी एक उभा होता. साडेचार वर्षांचा तो मुलगा एकदा त्याच्याकडे बघत होता, एकदा सीटवरच्या डोक्याकडे. मला वाटलं, आता रडणार. तो म्हणाला, "तुझं हे डोकं झोपलंय?"

मिकीने डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो रे. सकाळपासून तिसरी बर्थडे आहे."

तो पोरगा मग आत जाऊन सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून सांगत होता, की मिकीचं डोकं झोपलंय, आवाज करू नका. अँकरला दिवसभरात जे जमलं नाही ते त्याने साधलं. तीन-चार मिनिटं हॉलमध्ये खरोखर शांतता होती.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात आमची प्लेट ठरलेली होती: केकचा तुकडा, वेफर्स, समोसा, एक पेढा आणि ग्लासात रसना. केकच्या क्रीमला लागून मऊ पडलेला वेफर हा त्यातला सर्वोच्च पदार्थ. आता पास्ताचा काउंटर, पिझ्झाचा काउंटर, मोठ्यांसाठी चाट, जैन वेगळं. मुलांनी सगळ्या काउंटरांना वळसा घालून वेफर्स खाल्ले. दोन वर्षांच्या पाहुण्यांच्या आयांनी पर्समधून स्टीलचे डबे काढले आणि कोपऱ्यात वरणभात भरवला. क्लबहाउसमध्ये खऱ्या अर्थाने जेवले ते तेवढेच.

राहिला केक. केक साडेसातला कापायचा होता. पण भावोजींच्या आत्याबाई बदलापूरहून निघाल्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय केक कापणं हे त्यांच्या घराण्यात पुढची वीस वर्षं ऐकवलं गेलं असतं. आत्याबाई ठाणे स्टेशनला उतरून रिक्षात बसल्याचा फोन आला. म्हणजे त्या घोडबंदर रोडवर होत्या, म्हणजे कुठेही असू शकत होत्या. आठ वाजले. समितीने दोरीच्या आत उभं राहून केकचं रक्षण केलं. साडेआठला उत्सवमूर्तीने डोळे चोळले, मोजे काढून फेकले आणि आईच्या खांद्यावर मान टाकली. पावणेनऊला ती झोपली. नऊ वाजता आत्याबाई आल्या.

तिला उठवायचं की नाही यावर दोन मिनिटं विचार झाला आणि आईने एका शब्दात तो संपवला: "खबरदार." मग ताईने तिला तशीच खांद्यावर घेतली, भावोजींनी तिच्या मुठीत प्लॅस्टिकची सुरी दिली, मुठीवर आपली मूठ ठेवली आणि केक कापला. तिच्या गालावर ताईच्या साडीच्या काठाचा वळ उमटला होता. फोटोत सगळे हसताहेत.

गाणं म्हणताना नेहमीचा घोटाळा झाला. हे गाणं ज्या चालीवर म्हणतात ती अमेरिकेत केंटकीमधल्या हिल भगिनींनी बालवाडीच्या मुलांना सकाळी म्हणता यावी म्हणून बांधली, 1893 साली छापली. पुढे त्यावर वाढदिवसाचे शब्द चढले, आणि त्या शब्दांचे हक्क आपले असल्याचं सांगून एक कंपनी पैसे घेत राहिली. ते हक्क तिच्याकडे नाहीतच, असं 2015 साली तिथल्या कोर्टाने ठरवलं. इतकी सोपी चाल, पण नाव घ्यायची जागा आली की मराठी मंडळी अडखळतात. कारण मुलीला तिच्या आईकडचे एक नावाने हाक मारतात, वडिलांकडचे दुसऱ्या, आणि जन्मदाखल्यावर तिसरंच. तिन्ही नावं एकदम झाली, सोसायटीने नुसतं "बेबी" म्हटलं. उत्सवमूर्ती हलली नाही.

दोन आकड्याची मेणबत्ती फुंकायला मग कुणीच उरलं नाही, म्हणून सगळ्यांनी फुंकली. आईचा या प्रकाराला तात्त्विक विरोध आहे. शुभ दिवशी दिवा विझवायचा नसतो. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांचा विरोध वेगळ्या कारणाने असावा. 2017 साली त्यांनी पाहिलं, तर मेणबत्ती फुंकलेल्या आइसिंगवर न फुंकलेल्याच्या सरासरी 14 पट जंतू सापडले. आणि ते नीट एकेकट्याने फुंकलं होतं. पाचशे तीनने ज्या आवेशाने फुंकलं त्याचा त्या अभ्यासात समावेश नाही. आईने केक खाल्ला नाही, तिने मंगळवारची खीर झाल्याचं सांगितलं.

रिटर्न गिफ्टचा प्रश्न भावोजींकडे होता. एकच वस्तू सगळ्यांना द्यावी तर दोन वर्षांचं ती गिळणार आणि तेरा वर्षांची ती कचऱ्यात टाकणार. वयाप्रमाणे वेगळी द्यावी तर पाच आणि सहा वर्षांची मुलं लिफ्टमध्येच पिशव्या उघडून बघणार आणि तिथे जे होईल ते सीसीटीव्हीत येणार. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. भावोजी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडून आले, ते पिशवी उचलून दाखवत म्हणाले, "एकदम युनिव्हर्सल आयटम मिळालाय. सगळ्या वयाला चालतो."

तो चालतो, याबद्दल शंका नाही.

तेव्हा येत्या महिन्या-दोन महिन्यांत ज्यांच्याकडे कुणी दोन वर्षांचं होणार असेल त्यांना एवढंच सांगतो. वेळ साडेचारची ठेवा, मूल दुपारी झोपून उठल्यावरची, आणि निमंत्रणावर संपायची वेळही घाला. आत्याबाईंसाठी केकचा तुकडा झाकून ठेवा, थांबू नका. दहा वर्षांच्यांना आल्या आल्या कामाला लावा. अँकरचे पैसे वाचवून मिकीला दोन कप चहा जास्त द्या. आणि रिटर्न गिफ्टमध्ये शिट्ट्या देऊ नका. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून वाजताहेत.